उमेदवारीच्या धर्तीवरचं संगणकीय प्रशिक्षण

उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणं म्हणजे उमेदवारी, आणि तीच पद्धत सॉफ्टवेअरमध्ये उतरवली की हा प्रकार तयार होतो. यात आधी धडा मग परीक्षा असं काही नसतं, पहिल्या दिवसापासून खरं काम किंवा त्याची हुबेहूब नक्कल समोर येते, अडलं की सॉफ्टवेअर मदत करतं आणि जमायला लागलं की हळूहळू मागे सरतं.

अ‍ॅलन कॉलिन्स, जॉन सीली ब्राउन आणि सुझन न्यूमन यांनी १९८९ मध्ये बौद्धिक कामांसाठी ही कल्पना नीट मांडली. सुताराचा रंधा कसा चालतो ते डोळ्यांना दिसतं, पण गणित सोडवणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ते बोलून दाखवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे याच ब्राउननी सत्तरच्या दशकात रिचर्ड बर्टन या सहकारी संशोधकासोबत पोरं वजाबाकीत नेमकी कशी चुकतात याची बारीक छाननी करणारा प्रोग्राम केला होता. शिकणाऱ्याच्या डोक्याचा असा पूर्ण नकाशा मशीनकडे लागतोच का, यावर पुढे बराच वाद झाला. उस्तादाकडे तरी तो कुठे असतो? उस्ताद शिकणाऱ्याच्या हातातलं काम बघतो, तेवढ्यावर त्याचं भागतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकन हवाई दलासाठी पिट्सबर्ग विद्यापीठात संशोधक अ‍ॅलन लेसगोल्ड आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं शेरलॉक नावाचं सॉफ्टवेअर. एफ-१५ या लढाऊ विमानाचे इलेक्ट्रॉनिक पार्ट तपासणारं टेस्ट स्टेशनच बिघडलं तर फॉल्ट कुठे शोधायचा हे ते शिकवायचं, कारण असले अवघड फॉल्ट नोकरीत क्वचितच येतात, मग सराव होणार कधी! शिकणारा स्क्रीनवर मीटर लावून रीडिंग घेतो, अडला तर हिंट मागतो, आधी मोघम मिळते, परत मागितली की जास्त नेमकी. दुसऱ्या आवृत्तीत फॉल्ट सापडल्यावर आपण काय काय केलं ते परत बघून तज्ज्ञाच्या वाटेशी ताडून बघता यायचं, आणि माझ्या मते खरं शिकणं इथेच होतं, कारण काम चालू असताना विचार करायला डोकं मोकळं नसतं. शेरलॉकवरचा २०-२५ तासांचा सराव नोकरीतल्या सुमारे ४ वर्षांच्या अनुभवाइतका ठरला, असं मूल्यमापनात म्हटलंय.

अडचण आहे ती तयारीची. अनुभवी टेक्निशियनला बसवून प्रत्येक पायरीला 'आता काय तपासणार, का, आणि या रीडिंगवरून काय समजलं' हे विचारत त्याचं डोकं उलगडावं लागतं, आणि एका मशीनसाठी एवढं सगळं केलं तरी दुसऱ्या मशीनसाठी बरंचसं काम पुन्हा करावं लागतं.