तांडेलाची मस्करी

मालवणच्या किनाऱ्यावर पहाटे एक बोट आली. बांगडे मोजकेच, डिझेलचे पैसेही सुटणार नव्हते. खलाशी मान खाली घालून जाळं झाडत होते. बोटीचा प्रमुख, तांडेल, म्हणाला, "आज बांगडे माझा तोंड बघून पळाले रे!" सगळे हसले. मघापासून गप्प असलेला एक पोरगा मग हळूच बोलला, जाळं एका बाजूला फाटलंय, त्याला रात्रीच दिसलं होतं.

रात्री तो का बोलला नाही आणि आता कसा बोलला, यातच सगळं आलं. तांडेलाने दोष स्वतःवर घेतला, तेव्हा चूक सांगण्याची भीती गेली.

वरिष्ठ करतात ती मस्करी सहसा उलट दिशेने वाहते. समाजशास्त्रज्ञ रोझ कोसर यांनी एका मनोरुग्णालयातल्या कर्मचारी-बैठकांचा अभ्यास 1960 साली प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त विनोद वरिष्ठ डॉक्टर करत आणि त्यांचा रोख बहुधा हाताखालच्यांवर असे. कनिष्ठ मात्र समोर बसलेल्या वरिष्ठांची फिरकी घेत नसत.

विनोद म्हणजे चाकोरी जरा मोडणं, पण कुणाला इजा न होता. साहेबच ती मोडतो, तेव्हा बाकीच्यांना ती आपल्यालाही मुभा वाटते. काई ची याम आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या संशोधनात हे दोन्ही अंगांनी दिसलं: विनोदी वरिष्ठाशी नातं घट्ट होतं, कामात जीव रमतो; पण नियम मोडले तरी चालतात असंही वाटू लागतं, आणि विनोद बोचरा असेल तर हे जास्तच. बोटीवर याची मला फार धास्ती वाटते. "जाकीट कित्याक? शिमग्याचा सोंग घेतलंस काय?" एवढं तांडेलाने हसत म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून लाइफ जॅकेट केबिनमध्ये पडून राहतं. घालू नका असं तो कधीच म्हणालेला नसतो.

शिवाय हसण्याचेही श्रम असतात. शियाओरान हू आणि सहकाऱ्यांना आढळलं की वरिष्ठ वारंवार विनोद करू लागले की हाताखालचे खोटं हसू लागतात आणि त्यानेच थकतात. अधिकाराचा मान राखायलाच हवा असं मानणाऱ्यांत हे अधिक. आपल्याकडे किती जण यात बसतील!

त्या बोटीवर नेपाळहून आलेला एक खलाशी होता. मालवणी त्याला अजून नीट कळत नाही. बांगड्यांवरच्या विनोदाला तोही हसला, पण सगळ्यांच्या क्षणभर मागून, आधी तांडेलाच्या तोंडाकडे बघून.