डॉ. ग्रॅहम काश्मीरसाठी येण्याआधी

१९५१ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे काश्मीरप्रश्नी भारत आणि पाकिस्तान यांच्यात मध्यस्थी करणारे डॉ. फ्रँक ग्रॅहम आपल्याकडच्या जुन्या वाचकांना निदान नावाने माहीत असतात. आदल्याच वर्षी ते आपल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात अमेरिकेच्या सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची जागा हरले होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

ग्रॅहम मूळचे राजकारणी नव्हेत. १९३० पासून ते राज्याच्या विद्यापीठाचे प्रमुख होते. मार्च १९४९ मध्ये सिनेटर ब्रॉटन वारले आणि गव्हर्नर केर स्कॉट यांनी त्या जागी ग्रॅहमना नेमले. उरलेल्या मुदतीसाठी १९५० मध्ये निवडून येणे भाग होते. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री राज्य. नोव्हेंबरचे मतदान नावापुरते, खरी लढत पक्षाच्या उमेदवारीसाठी.

२७ मे रोजी या उमेदवारीसाठीच्या मतदानात ग्रॅहमना सुमारे ४९ टक्के मते मिळाली. रॅली या राजधानीच्या शहरातले वकील विलिस स्मिथ ५० हजारांहून अधिक मतांनी मागे पडले. पण कोणालाच निम्म्यावर मते नसतील, तर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला फेरमतदान मागता येई. स्मिथ यांचे मन ठरत नव्हते. अशात ५ जूनला सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या विद्यापीठांतील वर्णभेदाविरुद्ध निकाल दिले. दुसऱ्या संध्याकाळी स्मिथ यांच्या घरापुढे समर्थक जमले. ‘या, त्यांना लढायला सांगा’ अशा आशयाचे आवाहन रेडिओवरून झाले होते आणि त्यामागे जेसी हेल्म्स हा तरुण वार्ताहर होता. हाच हेल्म्स पुढे ३० वर्षे सिनेटर राहिला.

मग जे झाले ते वाचताना आजही मन विटते. ‘गोऱ्यांनो, जागे व्हा’ अशी पत्रके राज्यभर फिरली. तुमच्या मुली काळ्यांबरोबर शिकतील, काम करतील, ही भीती घरोघरी पेरली गेली. वास्तविक ग्रॅहम सावध सुधारक होते. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या नागरी हक्क समितीवर असतानाही त्यांनी केंद्राच्या सक्तीला विरोध करून शिक्षण आणि धर्म यांच्या मार्गाने होणारा संथ बदल पसंत केला होता. पण एवढा बारकावा ऐकायला कोणी थांबले नाही. २४ जूनच्या फेरमतदानात ते सुमारे १९ हजार मतांनी हरले.

स्मिथ यांनाही मुदत पुरी करता आली नाही. १९५३ मध्ये ते वारले. तोवर ग्रॅहम यांनी काश्मीरवर सुरक्षा परिषदेला पाच अहवाल दिले होते. युद्धबंदी रेषेच्या दोन्ही बाजूंना किती सैन्य ठेवायचे, यावर बोलणी पुन्हा पुन्हा अडत होती.