राजान्नातली प्रथिनं आणि त्यांवरच्या साखरसाखळ्या

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फुलोऱ्यात काही बागायतदार मधपेट्या ठेवतात. पेटीत बहुधा युरोपीय माशी, एपिस मेलिफेरा असते. राणीच्या अळीला भरवल्या जाणाऱ्या रॉयल जेलीचं, म्हणजे राजान्नाचं, आजवरचं बहुतेक रसायनशास्त्र याच माशीवर उभं आहे. मेळघाटातल्या आग्या मोहोळाला ते जसंच्या तसं लावू नये.

राणीचं घर पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं लोंबतं, तोंड खाली. आत पांढरट, आंबट, घट्ट जेली आणि तिलाच चिकटलेली अळी. राणी आणि कामकरी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून निघतात, फरक खाण्याचा, हे १८व्या शतकाच्या अखेरीस मधमाश्यांचा अभ्यासक फ्रान्स्वा ह्यूबरच्या काळीच कळलं होतं. प्रथिनांचा उलगडा व्हायला फार वेळ लागला. जेलीतली मुख्य प्रथिनं एकाच, एमआरजेपी नावाच्या, कुळातली आहेत, हे १९९८ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या संशोधकांनी मांडलं.

या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात. मधातल्या गोडीशी त्यांचा संबंध नाही. प्रथिनातल्या ठरावीक अ‍ॅस्पॅराजिन या अमिनो आम्लावर आधी एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन या साखरेचे दोन रेणू, त्यांवर मॅनोज ही दुसरी साखर, मग फांद्या. जपानच्या ओकायामा विद्यापीठात योशिनोबू किमुरा यांच्या गटाने या साखळ्या प्रथिनापासून सोडवल्या, त्यांना चमकणारा रेणू जोडला आणि एकेक वेगळी केली. २००० साली त्यांनी जे मांडलं त्यात मॅनोजच मॅनोज असलेल्या साखळ्यांचा भरणा होता. थोड्या संकरित, म्हणजे मिश्र बांधणीच्या, आणि दोन फांद्यांच्याही निघाल्या. पुढे त्यांनाच काही साखळ्यांवर टी-अँटिजेनची रचना सापडली. माणसात ती कर्करोगाच्या पेशींवर उघडी पडते. एवढ्यावरून जेली कॅन्सरचं औषध म्हणून विकायला कोणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

पेटीवाल्याच्या कामाचं निरीक्षण २००९चं. एमआरजेपी-२ या प्रथिनाचं साखळ्या लगडलेलं एक रूप अमेरिकन फाउलब्रूडचा, म्हणजे अळ्या सडवणाऱ्या रोगाचा, जिवाणू रोखताना दिसलं.

राणी नेमकी कशाने घडते, यावर मात्र जुंपलेली आहे. जपानी संशोधक मासाकी कामाकुरा यांनी जेली ४० अंश सेल्सिअसला ठेवून पाहिली; ३० दिवसांत तिचा राणी घडवायचा गुण गेला. त्या धाग्यावरून २०११ मध्ये त्यांनी एकट्या एमआरजेपी-१ला श्रेय दिलं. २०१६ मध्ये जर्मनीतल्या हाले इथल्या संशोधकांनी त्याला आव्हान दिलं. याच प्रथिनाचे तंतू आंबटपणात जेली घट्ट धरतात म्हणून उलट्या घरातून अळी पडत नाही, हेही त्यांच्यापैकीच काहींनी २०१८ मध्ये दाखवलं. बाकी ४० अंश म्हणजे अकोल्यातला साधा एप्रिल. तिथे फ्रिजबाहेर मांडलेली जेली घेऊ नये.