वर्डचा मेनू गेला आणि रिबन आली, त्यामागची गोष्ट

मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २००७ पहिल्यांदा उघडलं तेव्हा कित्येक जण प्रिंट कुठंय तेच शोधत बसले होते. फाईल मेनू गायब, त्याच्या जागी वर डाव्या कोपऱ्यात एक गोल बटण, आणि ते दाबायचं असतं हेच लोकांना कळेना, वाटायचं नुसता लोगो आहे. एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट ही ओळीने पाठ झालेली नावं जाऊन टॅबवाली जाडजूड पट्टी आली, तीच रिबन. आजच्या कॉलेजच्या मुलांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही, त्यामुळे एवढा गदारोळ कशासाठी झाला ते त्यांना समजत नाही, पण मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंटरफेस डिझाईनवाल्यांचा शब्द कधीपासून चालायला लागला हे बघायचं असेल तर हा निर्णय नीट बघायलाच हवा.

आधी काय व्हायचं, तर फीचर तयार झालं की त्याला मेनूत कुठेतरी जागा करून द्यायची, झालं. विंडोज ९५ मध्ये मात्र वेगळं झालं होतं, तिथे नवख्या लोकांना लॅबमध्ये बसवून बघितलं, सुरुवात कुठून करायची इथेच लोक अडतात हे दिसलं आणि टास्कबारवरच्या ‘सिस्टीम’ बटणावर ‘स्टार्ट’ लिहिलं गेलं. पण ऑफिसचा पसारा वाढतच राहिला. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत शंभराच्या आत कमांड होत्या, वर्ड २००३ मध्ये त्या दीड हजारावर गेल्या, शिवाय ३१ टूलबार आणि १९ टास्क पेन, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या चौकटी. मधे ऑफिस २००० मध्ये कमी वापरलेल्या कमांड आपोआप लपवणारे मेनू आणले, आणि त्याने घोळ वाढलाच, कारण काल दिसलेली गोष्ट आज त्या जागी नसायची. शेवटी अशी वेळ आली की लोक नवीन फीचर म्हणून जे मागायचे त्यातलं बरंच काही आधीपासून आतच होतं, फक्त सापडत नव्हतं.

मग आकडे आले. परवानगी दिलेल्या लोकांच्या वर्ड २००३ मधून कुठली कमांड किती वापरली जाते याची माहिती कंपनीकडे जमा झाली. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अंडू आणि बोल्ड, एवढ्या पाचच कमांडमध्ये सुमारे ३२ टक्के वापर! यावरून डिझाईनच्या टीमने काय पुढे ठेवायचं, काय मागे, हे ठरवलं आणि वरच्यांनी ते उचलून धरलं.

इथपर्यंत सगळं पटतं. वाद पुढच्या गोष्टीचा आहे, जुना मेनू परत आणायची सोयच ठेवली नाही. कंपनीची बाजू अशी की दोन इंटरफेस ठेवले तर प्रत्येक नवीन फीचरला दोन जागा शोधा, दोनदा तपासा, पुस्तकं आणि ट्रेनिंग दोन प्रकारचं, आणि जुनं ठेवलं की लोक नवीनकडे येतच नाहीत. चुकीचं नाही हे. जुने ऑल्टवाले शॉर्टकटही बरेचसे चालू ठेवले होते, हे टीका करणारे विसरतात. पण वर्षानुवर्षं स्वतःच्या कामासाठी टूलबार लावून घेतलेल्या माणसाला काय मिळालं, तर वर एक छोटीशी क्विक ॲक्सेस पट्टी. आपल्याकडे एमएस-सीआयटीला ‘फॉरमॅटमध्ये जा, पॅराग्राफ निवडा’ असं वहीत लिहून शिकलेले लोक होते, त्यांच्यासाठी तर सगळा रस्ताच बदलला. रिबन स्वतः बदलून घ्यायची सोय ऑफिस २०१० मध्ये आली, फाईल हे नावही तेव्हाच परत आलं. तीन वर्षं लागली त्याला, आणि माझ्या मते ती लागायला नको होती. महिन्यातून एकदाच लागणारी कमांड आकड्यात दिसत नाही, पण ती सापडली नाही तर त्या माणसाचं काम तिथेच थांबतं.

रिबन पुढे टिकली, आणि तिच्यावर काम केलेले काही वरिष्ठ लोक विंडोजकडे गेले. विंडोज ८ मध्ये पुन्हा तसाच युक्तिवाद आला, आधीच्या विंडोज व्हिस्टाच्या मानाने विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनू उघडायचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलंय, लोक टास्कबारवरूनच प्रोग्रॅम उघडतात. २०१२ मध्ये स्टार्ट बटणच काढलं, मेनूच्या जागी पूर्ण स्क्रीन भरणारं स्टार्टचं पान आलं. यावेळी लोकांनी ऐकून घेतलं नाही, वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं पण दाबलं की तीच पूर्ण स्क्रीन उघडायची, खरा मेनू यायला २०१५ चं विंडोज १० उजाडलं.

त्यानंतर पद्धत बदललेली दिसते. २०१८ मध्ये एका ओळीची सुटसुटीत रिबन जाहीर केली तेव्हा एका क्लिकवर जुनी मोठी रिबन परत आणता येईल हे त्याच दमात सांगितलं. तिकडे लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरने २०१९ मध्ये टॅबवाली पट्टी पक्की केली, पण जुना मेनू आणि टूलबार होते तिथेच ठेवले, ज्याला पट्टी हवी त्याने व्ह्यू मेनूत जाऊन ती निवडायची.