सेकंडहँड मिररलेसमधली ती खडखड

सेकंडहँड मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा हातात घेतला, बंद असताना जरासा हलवला आणि आत काहीतरी खडखडलं की बरेच जण तिथेच नाद सोडतात. पण आयबीआयएसवाल्या, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून फोटो टिपणारा सेन्सरच हलवणाऱ्या, बऱ्याच बॉडींमध्ये हा आवाज नॉर्मल आहे, कारण सेन्सर आत घट्ट बसवलेला नसतोच, चुंबक आणि कॉइलच्या जोरावर तो अधांतरी धरलेला असतो आणि कॅमेरा बंद केला, करंट गेला की मोकळा पडतो. निकॉन झेड ६ आणि झेड ७ मध्ये मात्र बंद केल्यावर तो लॉक होतो, तिथे खडखड आली तर विचारायलाच हवं. चालू असताना बारीक सूं आवाज येतो तोही चालतो, पण कॅमेरा टेबलावर ठेवलाय आणि स्क्रीनवरचं चित्र आपोआप थरथरतंय, असं असेल तर सरळ परत द्या.

काम कसं चालतं, तर हात किती वळला ते आतला जायरो, म्हणजे वळणं ओळखणारा छोटा भाग, मोजतो आणि सेन्सर लगेच उलटा सरकतो. ऑलिंपसने २०१२ मध्ये ई-एम५ मध्ये हे पाचही अक्षांवर (वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकणं, शिवाय तीन दिशांना वळणं) करून दाखवलं, फुलफ्रेम (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेसमध्ये ते २०१४ च्या सोनी ए७ मार्क टू पासून आलं. त्यामुळे जुना ए७ स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका, त्यात आयबीआयएस नाहीच!

आयबीआयएसचा फायदा स्टॉपमध्ये सांगतात, एका स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येतं, म्हणजे पाच स्टॉपला ३२ पट. ५० एमएम लेन्सवर हातात धरून १/५० सेकंद जमत असेल तर कागदावर साधारण ०.६ सेकंद जमायला हवं (समोरचं पोर हललं तर ते ब्लर होणारच, त्याला इलाज नाही). टेस्टसाठी स्वतःचं स्टॅबिलायझेशन नसलेली लेन्स लावा, शटर १/८ ठेवा, आयबीआयएस चालू करून आणि बंद करून आठ-दहा फोटो काढा आणि झूम करून बघा, फरक डोळ्यात भरला पाहिजे. मग विटांच्या भिंतीचा अगदी समोरून एक फोटो. एकच बाजू मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतेय आणि लेन्स बदलली तरी तीच बाजू मऊ, तर सेन्सर तिरका बसलाय असा संशय घ्यायचा.

दोन-दोन सेकंदांच्या टेस्ट करून मात्र कॅमेऱ्याला नावं ठेवू नका. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि चांगल्या जायरोला तेही जाणवतं, मग तो त्यालाच हाताचं हलणं समजून सेन्सर उगाच सरकवतो. ५० एमएमवर हे सेकंदाला साडेतीन मायक्रॉनच्या आसपास जातं, २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा पिक्सेल असतो सहाच्या आसपास, म्हणजे दोन सेकंदात पिक्सेलभर घोळ झालाच.

शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलंय) सगळेच विचारतात, त्यासोबत कॅमेरा बाईकच्या हँडलला लावून वापरलाय का हेही विचारा. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनबद्दल हाच इशारा दिला होता, मोठ्या इंजिनाची थरथर कॅमेऱ्याच्या स्टॅबिलायझेशनला मानवत नाही.