दोनशे फुटांची रेघ आणि शेजाऱ्याची विहीर

उन्हाळा लागला की एक बातमी ठरलेली असते: 'दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरला बंदी'. त्यावर पारावरचा प्रश्नही ठरलेला. जमीन माझी, पैसा माझा, मग किती खोल जायचं हे सांगणारं सरकार कोण?

प्रश्न अगदीच हवेतला नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार, जमिनीखालचं जे पाणी ठरावीक प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करायचा हक्क जमीनमालकाचा. हा विचार आला इंग्लंडातून. १८४३ च्या अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल खटल्यात शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे एका गिरणीची विहीर आटली होती, पण कोर्टाने भरपाई नाकारली. १८६१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या न्यायालयाने तर कबूलच केलं, की जमिनीखालच्या पाण्याची हालचाल इतकी गुप्त आणि गूढ आहे की तिला नियम लावणं अशक्य आहे. तळहातावर नारळ उभा करून शेतात फिरणारा पाणाडी यापेक्षा वेगळं काय सांगतो? आपल्याकडे मुरुमात आणि भेगाळलेल्या खडकात थोडंफार पाणी बहुतेक ठिकाणी लागतंच. त्यातून त्याची कीर्ती पसरते, आणि कोरड्या गेलेल्या बोअरचा हिशोब कुणी ठेवत नाही. ओहायोच्या न्यायालयाने १९८४ मध्ये आपली भूमिका सोडली. पाणाड्यांचा धंदा अजून जोरात आहे.

आता खडकाकडे येऊ. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. बोअरची गाडी लागली की बाहेर उडणाऱ्या भुकटीकडे बघावं. आधी पिवळसर मुरूम, मग करडी भुकटी, मध्येच विटकरी लाल, मग पुन्हा करडी. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हाथरांमधली भाजलेली माती. तिच्यातून पाणी सहजी खाली उतरत नाही. त्यामुळे तिच्या खालच्या भेगांतलं पाणी दाबाखाली कोंडलेलं असू शकतं. दीडशे फुटांवर लागलेलं पाणी बोअरमध्ये पन्नास-साठ फुटांपर्यंत वर चढतं, ते या दाबामुळे. लोक म्हणतात, 'देवाने भरभरून दिलं'.

पंप सुरू केला की विहिरीभोवती पाण्याची पातळी शंकूसारखी खाली जाते. हा शंकू किती लांब पसरतो, यावर सगळा वाद आहे. याचं गणित अमेरिकी भूजलतज्ज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये मांडलं. खडकातून पाणी सरकणं हे धातूतून उष्णता वाहण्यासारखंच आहे हे त्यांनी ओळखलं, आणि समीकरण सोडवायला क्लॅरन्स ल्युबिन या गणितज्ञ मित्राची मदत घेतली. त्याचं सोपं रूप असं: शंकू जिथवर पोचतो त्या अंतराचा वर्ग = २.२५ × वहनक्षमता × काळ ÷ साठवण गुणांक. वहनक्षमता म्हणजे थरातून पाणी किती सहज सरकतं, आणि साठवण गुणांक म्हणजे पातळी उतरली की थर किती पाणी सोडतो.

वहनक्षमता दिवसाला ५० चौरस मीटर धरू आणि पंप एक दिवस चालवू. वरच्या थरातल्या उघड्या विहिरीत पंप लावला की खडकाच्या फटी खरोखर रिकाम्या होतात. तिथे साठवण गुणांक साधारण ०.०२. उत्तर येतं ७५ मीटर. खालच्या कोंडलेल्या थरात फटी रिकाम्या होत नाहीत, नुसता दाब उतरतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह एका जागी दाबला तरी हवा सगळ्या ट्यूबमधली कमी होते, तसं. तिथे गुणांक ०.०००२ धरला, तर तोच पंप, तोच दिवस, आणि शंकू ७५० मीटरवर! दहापट. चार-पाच शेतं ओलांडून.

सूत्रात पंपाची अश्वशक्ती कुठेच नाही, हे मला फार आवडतं. मोठा पंप खड्डा खोल पाडतो. खड्डा किती लांब जाणार हे खडक आणि वेळ ठरवतात. 'माझी मोटर तर तीनचीच आहे' हा युक्तिवाद इथे अर्धाच टिकतो.

दुसरी गोष्ट कानांनी कळते. केसिंग पाइप बहुतेकदा वरच्या ठिसूळ भागापुरताच घालतात, खाली नुसतं भोक. जुन्या खोल बोअरच्या तोंडाशी कान लावला तर कधीकधी आत पाणी पडत असल्याचा आवाज येतो. वरच्या थरातलं, म्हणजे शेजारच्या विहिरीच्या हक्काचं पाणी लाल पट्ट्याला पडलेल्या भोकातून खाली गळत असतं. पंप बंद असतानाही.

म्हणून महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर घ्यायला मनाई केली. २००९ मध्ये संमत होऊन २०१४ मध्ये लागू झालेल्या भूजल कायद्याने ६० मीटर (सुमारे दोनशे फूट) किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' ठरवलं, अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ती घेण्यावर बंदी आणली आणि बोअरच्या गाड्यांना नोंदणी सक्तीची केली. तरी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडची गाडी रात्रीत येऊन भोक पाडून गेली, तर सकाळी तलाठ्याने मोजायचं काय?

रेघांमध्येही खोट आहे. ५०० मीटरचं वर्तुळ कागदावर गोल असतं, बेसॉल्टमधला शंकू मात्र भेगांच्या दिशेने लांबट होतो आणि आडवा डाइक, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत, आला की तिथेच अडतो. कोंडलेलं पाणी कुठे १२० फुटांवर असतं, कुठे ३०० वर. दोनशेची रेघ दोन्ही ठिकाणी चुकते. यावर उपाय गावोगावी पंपचाचणी घेण्याचा: एक विहीर उपसायची, आजूबाजूच्या विहिरींत दर काही मिनिटांनी टेप सोडायची. काम कंटाळवाणं आहे, पण महागडं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, पण यातल्या जुन्या नोंदी बहुतांश उघड्या विहिरींच्या, म्हणजे वरच्या थराच्या. कायदा ज्या खोल थराला जपू पाहतो, त्याचा दाब मोजायला वेगळ्या, फक्त त्याच थरात उघडणाऱ्या निरीक्षण नलिका लागतात. त्या आधी वाढवायला हव्यात.