एनसी थिनर की पीयू थिनर? आधी हार्डनर आहे का ते बघा

गाडीचा रंग पातळ करायला रंगाच्या दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा समोर एनसी थिनर येतो. स्वस्त म्हणून खपही त्याचाच. पीयू थिनर नाव घेऊन मागावा लागतो. दोन्ही पाण्यासारखे नितळ, दोन्हींचा वास उग्र, त्यामुळे एकदा बिनलेबलच्या बाटलीत ओतले की कुठला कोणता ते नाकाला कळत नाही.

खरा फरक रंग वाळतो कसा यात आहे. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्यातला थिनर उडून गेला की तो वाळला, बाकी काही घडत नाही. म्हणून वर्षभरानंतरही थिनरचं फडकं घासलं तर रंग फडक्यावर उतरतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हा रंग हार्डनरशी, म्हणजे त्यात मिसळायच्या दुसऱ्या द्रवाशी, रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. पक्का झाल्यावर तसं फडकं घासून उतरत नाही. गाडीवर आधी काय मारलंय हे ओळखायची चाचणीही हीच. दाराच्या आतल्या कडेला करून बघावी, बॉनेटवर नको.

पीयू रंगात एनसी थिनर घातला तर घोळ होतो तो अल्कोहोलमुळे. नायट्रोसेल्युलोज नीट विरघळावं म्हणून एनसी थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटेट यांच्या जोडीला अल्कोहोलही असतं. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने रंगातलं रेझिन, म्हणजे थर धरणारा घटक, बांधायचं असतं. अल्कोहोल दिसलं की ते त्याच्याशीच जुळतं आणि रेझिन अर्धवट राहतं. मग दोन दिवसांनीही क्लिअरवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) नख उमटतं, चकाकी उतरते, पॉलिशचं मशीन लावताच थर ओढला जातो. यावर काही जण पुढच्या वेळी हार्डनर वाढवतात. त्याने दुखणं जात नाही, प्रमाण मात्र आणखी बिघडतं. २:१ च्या क्लिअरला ४०० मिली क्लिअर, २०० मिली हार्डनर आणि साधारण ४० ते ६० मिली पीयू थिनर पुरतो. डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर तेच खरं. आणि अंदाजपंचे नाही, मोजमापाच्या कपात.

उलटी चूक, म्हणजे लॅकरमध्ये पीयू थिनर, तितकी महाग पडत नाही. तो सावकाश उडतो, ओघळ येतात, झायलीन जास्त असेल तर लॅकर फाटल्यासारखा होतो.

मुंबईचा पावसाळा दोघांनाही छळतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. एनसी थिनर भराभर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंगावर पांढरी झाक येते. त्यावर उपाय थिनरचं उडणं मंदावणारा रिटार्डर: थिनरच्या ५ ते १० टक्के. हाच रिटार्डर पीयूत मात्र घालू नये. त्यात बऱ्याचदा ब्युटिल सेलोसॉल्व्ह असतं, आणि हार्डनरच्या दृष्टीने तेही अल्कोहोलच! पीयूत ओलावा थेट हार्डनरशी भिडतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. म्हणून कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी दिवसातून दोनदा काढा, हार्डनरचा डबा ओतताक्षणी बंद करा. एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि पावसाळ्यातल्या उबदार दिवसांत स्लो, म्हणजे सावकाश उडणारा, पीयू थिनर घ्या.

स्प्रे गन धुवायला एनसी थिनर खुशाल वापरा, तिथे महागाचा वाया घालवू नका. पुढे पीयू मारायचा असेल तर शेवटची खळबळणी पीयू थिनरने करा.

जपण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही सारखेच. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे मुंबईत बारा महिने त्याची वाफ पेट घ्यायला तयार असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली बसते, पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, साचते. वरच्या पंख्याने ती निघत नाही. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर डबा उघडूच नका. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क हवा. हार्डनर फवारताना तर त्यात हयगय नकोच, कारण आयसोसायनेटने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोडासा वासही त्रास देतो. बंद खोलीत कार्ट्रिजवर भिस्त ठेवू नये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. हात थिनरने धुऊ नका, नायट्राइल हातमोजे घाला.

हार्डनर मिसळून उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका. ओलावा शिरला असेल तर गॅस धरतो, डबा फुगतो. तो उघड्यावर घट्ट होऊ द्या, थिनरची फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका आणि गटारात काहीही ओतू नका.